अडॅप्टर, कन्व्हर्टर, चार्जर: नक्की कशाला काय म्हणायचं?

तर्जुमा
अमेरिकेत घेतलेला लॅपटॉप भारतात कसा वापरावा, या विषयावरचं एक माहितीपत्रक मराठीत आणायचं आहे. मूळ मजकुरात ही दोन वाक्यं एकाखाली एक येतात:
'अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, तेव्हा काळजी नको.'
'अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही, फक्त पिना जुळवतो.'
पहिला अडॅप्टर म्हणजे लॅपटॉपच्या वायरीतली काळी डबी. दुसरा म्हणजे एका बाजूने अमेरिकी चपट्या पिना घेणारा आणि दुसऱ्या बाजूने गोल पिना असलेला ठोकळा. पहिल्याचं तर कामच व्होल्टेज बदलण्याचं! दोघांना एकच शब्द ठेवला तर वाचणारा दुसरं वाक्य पहिल्या वस्तूला लावणार. डबीला 'चार्जर' आणि ठोकळ्याला 'अनुकूलक' असं केलं होतं. 'चार्जर चूक, अनुकूलक दुर्बोध' असा शेरा मारून दोन्ही खोडले गेले. शब्द सुचवा.

थ्रीपिनटॉप
दुकानातली भाषा याहून गमतीची आहे. तुमच्या ठोकळ्याला काउंटरवर 'कन्व्हर्टर' किंवा 'कन्व्हर्जन प्लग' म्हणतात, आणि डबीला 'अडॅप्टर'. म्हणजे जो काहीच बदलत नाही तो कन्व्हर्टर, आणि जो २३० व्होल्टचे २० व्होल्ट करतो, वर एसीचं डीसी करतो, तो अडॅप्टर. हे उलटंसुलटं नाव पाहून कुणी अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा हेअर ड्रायर 'कन्व्हर्टर' लावून भिंतीत घालतो. विजेचा दाब (व्होल्टेज) जवळजवळ दुप्पट, तापणाऱ्या तारेत वीज साडेतीन पटींहून जास्त. बाकी धूर.

'प्लग' शब्दही जपून वापरा. 'प्लगमध्ये घाल' म्हणताना मराठी माणसाच्या डोळ्यापुढे भिंतीतली भोकं असतात, वायरीचं टोक नसतं. वायरीच्या टोकाला घरात 'पिन' म्हणतात आणि दुकानात 'पिन टॉप'. मूळ मजकुरात 'प्लग बदला' असेल आणि मराठीतही तेच ठेवलं, तर एखादा भिंत फोडायला वायरमन बोलावेल.

खनित्र
'चार्जर चूक' हा शेरा बरोबर आहे. बॅटरी किती वेगाने भरायची, केव्हा थांबवायचं, हे ठरवणारं सर्किट लॅपटॉपच्या आत असतं. बाहेरची डबी फक्त ठरावीक दाबाची दिष्ट वीज (डीसी) पुरवते. तिला 'वीजपुरवठा डबी' म्हणा. आणि ठोकळ्याला आपल्याकडे शब्द आहे, 'गुडदी'. बाटलीचं, पिंपाचं भोक बुजवणारी ती गुडदी. भिंतीच्या भोकात बसणारी ती वीजगुडदी.

थ्रीपिनटॉप
गुडदी भोक बंद करते हो. वीज बंद व्हायची.

खनित्र
इंग्रजी प्लगचाही मूळ अर्थ भोकात मारायचं बूच असाच आहे. त्यांची वीज बंद पडली नाही.

बेलपान
पत्रकात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट राहिलीय असं वाटतं: बहुतेक लॅपटॉपना ठोकळा लागतच नाही. डबीत खुपसलेली वायर उपसून पाहा, ती निघते. भिंतीकडची तेवढी वायर भारतीय पिनांची घ्या, झालं. प्रश्न एवढाच की डबीचं भोक कुठलं. तीन प्रकार भेटतात:
तीन गोळे एकत्र चिकटवल्यासारखं भोक असेल तर वायरीचं टोक 'सी-५'. इंग्रजीत त्याला मिकी माऊस म्हणतात. मला तो सरळ बेलाच्या पानासारखा दिसतो.
आठाच्या आकड्यासारखं, दोनच पिनांचं भोक असेल तर 'सी-७'. इथे भाषांतरकारांनी सावध राहावं, कारण तो आठ इंग्रजी आहे. मराठी ८ डोळ्यापुढे आणलात तर असलं भोक जगात सापडणार नाही.
मोठ्या संगणकाला असते तसली, कोपरे कापलेली आयताकृती वायर असेल तर 'सी-१३'. जास्त वॅटच्या गेमिंग लॅपटॉपच्या जाडजूड डबीला ती सापडते.
हे आकडे आयईसी ६०३२० या आंतरराष्ट्रीय मानकातले. वायरीच्या टोकाला विषम आकडा, आणि ते ज्यात बसतं त्या यंत्रावरच्या भोकाला पुढचा सम: सी-५ जातो सी-६ मध्ये. सी-५ आणि सी-७ दोन्ही अडीच अँपिअरचे, सी-१३ दहाचा. भिंतीकडच्या टोकाला आयएसआय खूण आणि 'आयएस १२९३' छापलेलं बघून घ्या.

दिवाभीत
बेलपानला +१. ठोकळ्याची खरी अडचण सैल बसण्याची आहे. आपली सहा अँपिअरची गोल पिन ५.१ मिलिमीटर जाडीची, ब्रिटिशांच्या जुन्या बीएस ५४६ या मानकावरून आलेली. (खुद्द ब्रिटनने १९४७ पासून चौकोनी पिना आणि टोकात फ्यूज असलेला प्रकार धरला, आपण गोलच ठेवला.) युरोपची साधी दोन पिनांची वायर ४ मिलिमीटरची. पिनांमधलं अंतर जवळपास सारखं, म्हणून ती आपल्या भोकात जाते, पण पकड येत नाही. डबी जड असेल तर तिच्या ओझ्याने टोक लोंबकळतं, ठिणगी उडते, प्लॅस्टिक तपकिरी होतं. त्यात आपल्या नव्या भोकांना आत झडपा असतात, त्या वरच्या लांब पिनेने उघडतात. दोन पिनांची वायर घालायला लोक वरच्या भोकात पेन खुपसतात. स्क्रू ड्रायव्हर खुपसणारेही आहेत.

अमेरिकी वायरींतही भेद आहे. दोन चपट्या पिनांतली एक किंचित रुंद असते, ती स्वस्त ठोकळ्यात जात नाही, मग लोक ती कानस मारून घासतात. तीन पिनांची असेल तर खालची गोल पिन पक्कडीने मोडतात. हीच अर्थिंगची पिन. जपानी वायरीला दोन पिना आणि बाजूला एक हिरवी शेपटी लोंबत असते, तीही अर्थिंगचीच. ती भोकात कोंबू नये, जीव जाईल.

खनित्र
अवांतर, पण 'अर्थिंग'ला शाळेच्या पुस्तकात 'भूसंपर्क' असा चांगला शब्द आहे. तिन्ही तारांना वीजयुक्त, तटस्थ आणि भूसंपर्क. तुम्ही तोही मोडीत काढलात.

थ्रीपिनटॉप
फेज, न्यूट्रल, अर्थ. वायरमनला 'तटस्थ तार सैल आहे' सांगून बघा, तो तुम्हालाच तटस्थपणे बघेल. शिवाय 'अर्थ' शब्दाने सोय होते: दोन पिनांचा ठोकळा हा अक्षरशः अर्थहीन ठोकळा. (हलके घ्या.)

तर्जुमा
अर्थहीन ठोकळा छान, पण छापता येणार नाही. 'कन्व्हर्टर' हा शब्द खऱ्या कन्व्हर्टरसाठी राखून ठेवावा का? पत्रकात पुढे व्होल्टेज उतरवणारा 'स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर' येतो. त्याला रोहित्र?

खनित्र
अवश्य. रोहित्र हा मराठीतला अत्यंत यशस्वी घडवलेला शब्द आहे. 'रोहित्र जळाल्याने गाव अंधारात' हे कुणालाही कळतं. घडण माझ्या मते अशी असावी: रुह् म्हणजे चढणे, आणि त्याला साधनवाचक 'इत्र', जसा खनित्र (खणायचं साधन) आणि अरित्र (वल्हं) यांत. पाणिनीने हा प्रत्यय मोजक्या धातूंना सांगितला आहे आणि रुह् त्यांत नाही. पण सूत्रापुरता हट्ट धरला तर गाव अंधारातच राहील.

दिवाभीत
चढणे? गावातलं रोहित्र तर ११ हजार व्होल्टचे उतरवून घरात २३० देतं. ते अवरोहित्र झालं.

खनित्र
उपकेंद्रातली चढवणारीही असतात. व्युत्पत्ती म्हणजे वीजबिल नव्हे, प्रत्येक ओळीचा हिशेब लागत नाही.

बेलपान
शब्द काहीही घ्या, पण लॅपटॉपसाठी रोहित्र लागत नाही हे ठळक छापा. डबीच्या आत वीज आधी दिष्ट होते (२३० व्होल्टची सुमारे ३२५ होते), मग तिचे सेकंदाला हजारो तुकडे पाडून चिमुकल्या ट्रान्सफॉर्मरमधून नेतात. बाहेर २० व्होल्ट स्थिर राहतील एवढीच तुकड्यांची रुंदी कमीजास्त होते. म्हणून आत १०० येवोत की २४०, तिला फरक पडत नाही. ५० हर्ट्झ आणि ६० हर्ट्झचंही तेच. रोहित्र लागतं ते अमेरिकी मिक्सरला, आणि ते मिक्सरच्या वॅटच्या दीडपट ते दुप्पट क्षमतेचं घ्यावं, कारण सुरू होताना मोटर जास्त ओढते. ते वजनाला दगड असतं.

त्याउलट मुठीत मावणारा, 'सोळाशे वॅट' लिहिलेला हलका प्रवासी कन्व्हर्टर मिळतो. तो रोहित्र नव्हे. तो विजेच्या लाटेचा अर्धाअधिक भाग छाटून फक्त तापणाऱ्या वस्तूंना चालेल अशी वीज देतो. लॅपटॉपची डबी त्याला कधीही लावू नये, बिघडते.

दिवाभीत
डबीवरची ओळ मराठीत आणताना एक बारीक खोच आहे. '१००–२४०' असं आडव्या रेघेने लिहिलं तर अर्थ 'शंभर ते दोनशे चाळीस, मधलं काहीही'. '११५/२३०' असं तिरक्या रेघेने लिहिलं तर अर्थ 'हे किंवा ते', आणि मग कुठेतरी निवडायचा खटका असतो. जुन्या मोठ्या संगणकांच्या मागे लाल सरकता खटका असतो तो हाच. तो ११५ वर ठेवून २३० दिले की आत दाब दुप्पट करणारी जोडणी चालू राहते, साडेसहाशे व्होल्टच्या घरात जाते आणि कपॅसिटर फुटतात. भाषांतरात दोन्ही रेघांचं 'ते' करून टाकलं तर चूक व्याकरणाची राहत नाही. आणि नुसतं '१००–१२०' किंवा '१२०' असेल, तर ती वस्तू भारतात थेट लावायचीच नाही, मग ठोकळा कितीही महाग असो.

थ्रीपिनटॉप
'खटका' वाचून बरं वाटलं. हल्ली सगळे 'बटण' म्हणतात, शर्टाला असतं तसं.

तर्जुमा
रेघांचं फार उपयोगी, धन्यवाद. आणखी एक वाक्य अडलंय. 'अर्थिंग नसलेल्या वायरीने धातूच्या लॅपटॉपला हात लावल्यास...' पुढे काय? 'शॉक बसतो' फार जोराचं वाटतं. 'मुंग्या येतात'?

बेलपान
मुंग्या पाय दुमडून बसल्यावर येतात. इथे होतं ते वेगळं, बोट हलकं फिरवलं की पत्रा खरखरीत लागतो, थरथरल्यासारखा. विजेचा गोंगाट दाबण्यासाठी डबीत आतल्या आणि बाहेरच्या बाजूंना जोडणारे छोटे कपॅसिटर असतात. त्यांतून अगदी थोडी वीज पत्र्यावर येते. अर्थिंग असेल तर ती जमिनीत जाते, नसेल तर तुमच्यातून. मीटर शंभराच्या आसपास व्होल्ट दाखवू शकतो, टेस्टरचा दिवाही मिणमिणतो, पण प्रवाह मिलिअँपिअरच्या अंशाएवढाच. १२० व्होल्टच्या देशात ती निम्मीच असते, म्हणून तिथे न जाणवलेलं इथे जाणवतं. तीन पिनांची वायर आणि खरोखर अर्थिंग असलेलं भोक, एवढाच उपाय.

खनित्र
झिणझिण.

दिवाभीत
झिणझिण्या आणि मुंग्या एकच की! 'चुरचुर' बघा.

खनित्र
चुरचुर जखमेला औषध लावल्यावर. झिणझिणीत नाद आहे, तारेचा. पन्नास हर्ट्झची थरथर त्यात ऐकू येते.

थ्रीपिनटॉप
'करंट लागतो.' बसत नाही, मारत नाही, लागतो. जरासा असेल तर 'बारीक करंट लागतो'. डबीला 'अडॅप्टर' ठेवा, ठोकळ्याला 'पिन बदलणारा ठोकळा', पुढे चला.

खनित्र
एका शब्दाचं काम तीन शब्दांत होत असेल तर त्याला परिभाषा म्हणत नाहीत, वर्णन म्हणतात. 'पिनजुळव्या' करा. 'पाकीटमार' चालतो तर पिनजुळव्या का नको?

दिवाभीत
पिनजुळव्या ऐकून लग्न जुळवणारा आठवतो.

बेलपान
तोवर वायर घ्यायला जाणाऱ्यांसाठी: दुकानात बेलपान मागू नका. 'लॅपटॉपची थ्री पिन पॉवर कॉर्ड' म्हणा, आणि डबी बरोबर न्या, म्हणजे भोक तिथेच लावून बघता येईल. टोकावरची बारीक अक्षरं वाचा: सहा अँपिअर, २५० व्होल्ट. ॲपलच्या डबीवरचा पिनांचा तुकडा सरकवून निघतो, त्या जागी भारतीय पिनांचा तुकडा बसतो, वेगळी वायर नको. यूएसबी-सीने चार्ज होणारा लॅपटॉप असेल तर सरळ इथली डबी घ्या, वॅट मात्र जुन्या डबीएवढे किंवा जास्त हवेत. ६५ वॅटचा लॅपटॉप ३० वॅटच्या डबीवर चालू राहतो, पण काम जड झालं की बॅटरी उतरत जाते.

थ्रीपिनटॉप
'पॉवर कॉर्ड' कशाला? केबल म्हणा.

खनित्र
केबल टीव्हीची. ही वायर.

दिवाभीत
वायर एका तारेला म्हणतात. यात तीन आहेत.