एमसील टिकत नाही, कारण पाइप हलतो

गच्चीच्या पावसाच्या पाइपचा जॉइंट गळायला लागला की त्याभोवती एमसील (मळून लावायची, वाळून कडक होणारी पुटी) थापायचा सल्ला देतात, तो एखादा पावसाळा निभावेल, फार तर. गच्चीवरून उतरणारा पीव्हीसी पाइप उन्हाने लांबतो: ३ मीटरची लांबी ३० अंशांच्या फरकाने साधारण ५ ते ६ मिलिमीटर. एमसील कडक, पाइप हलता, मग तडा जाणारच. पाइप रबर रिंगवाला असेल तर जॉइंट उघडा, रिंग बसते ती खाच ओल्या फडक्याने पुसा (तिथे हमखास वाळू असते) आणि चपटी झालेली रिंग बदला.  पाइपचं टोक कानशीने तिरकं घासून घ्या, नाहीतर आत जाताना रिंग दुमडते. साबणाचं पाणी लावून पाइप पूर्ण आत ढकला, पेन्सिलने खूण करा आणि १० मिलिमीटर मागे ओढा. ही फट सोडायची राहते, सगळा घोळ तिथेच. तेल-ग्रीस नको, रबर फुगतं.

आणि सॉकेटचं, म्हणजे पाइपच्या रुंद टोकाचं, तोंड वरच्या बाजूलाच हवं. उलटं बसवलेले पाइपही दिसतात, ते रिंग बदलून सुधारत नाहीत. क्लॅम्पपैकी सॉकेटखालचा तेवढा घट्ट, मधले जरा सैल. जॉइंट फक्त मुसळधार पावसातच गळत असेल तर मात्र आधी खालचा बेंड (वळणाचा तुकडा) तपासा. तिथे पानं आणि गिलाव्याची खपली अडकून वर पाणी तुंबतं. तो बेंड झाकणवाला, म्हणजे डोअर बेंड बसवला की पाइप न उतरवता हात घालून साफ होतो.