एमएसजीईक्यू७: १ किलोहर्ट्झचा टोन शेजारच्या बँडमध्येही, मदत हवी आहे

जळगावात गणपतीच्या आराशीसाठी गाण्यावर चालणारे एलईडी; आवाजाचे सात फ्रिक्वेन्सी बँड वेगळे करायला एमएसजीईक्यू७ चिप. अर्डुइनो उनो (मायक्रोकंट्रोलर बोर्ड), ५ व्होल्ट. चिपच्या पिन ८ वर (ऑसिलेटर, म्हणजे चिपचं क्लॉक) ५ व्होल्टकडे १८० आणि २२ किलोओहम सिरीजमध्ये (२०० चा रेझिस्टर दुकानात मिळेल तर शपथ!), ग्राउंडला ३३ पिकोफॅरड. पिन ६ ते ग्राउंड ०.१ मायक्रोफॅरड. स्ट्रोब (पुढचा बँड निवडणारा सिग्नल) लो झाल्यावर ४० मायक्रोसेकंद थांबूनच रीडिंग, कारण आउटपुट स्थिरावायला ३६ लागतात.

शांततेत सगळ्या बँडचं रीडिंग ७० च्या आसपास, ते कोडमध्ये वजा केलंय. पण १ किलोहर्ट्झचा टोन दिला की २.५ किलोहर्ट्झचा बँडही जवळपास तेवढाच वर जातो. ब्रेडबोर्डच्या कपॅसिटन्सने ऑसिलेटर मंदावून बँड खाली सरकलेत, की चिपच डुप्लिकेट? ३३ ऐवजी २७ पिकोफॅरड लावून कुणी पाहिलंय का?