एएनए १:८० पॉझिटिव्ह: '९८ टक्के' या आकड्याचा अर्थ कसा लावायचा?

ओवी

माझी मुलगी २३ वर्षांची आहे. तीन महिन्यांपासून सतत थकवा, केस गळणं, सकाळी अंग आखडल्यासारखं होणं. डॉक्टरांनी ज्या रक्ततपासण्या लिहून दिल्या त्यात एएनए होती, म्हणजे शरीर स्वतःच्याच पेशींविरुद्ध प्रतिपिंडं बनवतंय का ते पाहणारी तपासणी. हिमोग्लोबिन कमी आलं, थायरॉइड ठीक, आणि एएनएपुढे 'पॉझिटिव्ह, १:८०'. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, एकदा संधिवाततज्ज्ञांना दाखवून घ्या. ती भेट पुढच्या आठवड्यात आहे.

तोवर मी वाचत बसले. एका ठिकाणी लिहिलंय की ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) असलेल्या जवळजवळ ९८ टक्के लोकांची एएनए पॉझिटिव्ह येते. म्हणजे माझ्या मुलीला ल्युपस असण्याची शक्यता ९८ टक्के? दुसरीकडे लिहिलंय की धडधाकट माणसांतही ती पॉझिटिव्ह येते. दोन्ही खरं कसं असेल? मी शाळेत गणित शिकवते, आकडेमोड मला कळेल. पण हे आकडे येतात कुठून आणि त्यांच्यावर किती विसंबायचं, ते कुणी सांगेल का? मला नुसता धीर नकोय, समजून घ्यायचंय.

जुनी_स्लाइड

ओवीताई, मी पॅथॉलॉजिस्ट आहे. सव्वीस वर्षं प्रयोगशाळेत गेली, त्यातली बरीच एएनएच्या स्लाइड बघण्यात. तुमचा प्रश्न मला रुग्णांनी विचारलाय तितकाच डॉक्टरांनीही विचारलाय.

'ल्युपस असलेल्यांपैकी किती पॉझिटिव्ह' आणि 'पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी किती जणांना ल्युपस' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुम्ही वाचलेले ९८ टक्के पहिल्याचं उत्तर आहे, तुम्हाला हवंय ते दुसऱ्याचं. यात भलेभले अडखळतात. १९७८ साली हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या ६० जणांना, म्हणजे डॉक्टर आणि विद्यार्थ्यांना, असंच एक गणित घातलं होतं: आजार हजारात एकाला, चाचणी ५ टक्के निरोगी लोकांना चुकून पॉझिटिव्ह ठरवते, तर पॉझिटिव्ह आलेल्याला आजार असण्याची शक्यता किती? बरोबर उत्तर सुमारे २ टक्के. ते फक्त ११ जणांना आलं, आणि सगळ्यात जास्त जणांनी लिहिलं ९५.

आता तुमचा हिशेब. थकवा आणि केसगळती, पण ल्युपसची दुसरी कुठलीच खूण नाही, अशा २००० मुली घेऊ. त्यांच्यात २०० मागे एकीला ल्युपस आहे असं धरू. हे मी फक्त गणितापुरतं धरतोय. म्हणजे १० जणींना आजार, आणि त्या दहाही जणी बहुधा पॉझिटिव्ह येतील. उरल्या १९९०. निरोगी माणसांत १:८० ला १३.३ टक्के पॉझिटिव्ह येतात, म्हणजे यांतल्या २६५ जणी. एकूण पॉझिटिव्ह २७५, त्यांत खऱ्या १०. चार टक्क्यांच्याही आत.

हे १३ कुठून आलं, ते तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. १९९७ साली १५ प्रयोगशाळांनी मिळून १२५ निरोगी माणसांची एएनए तपासली. १:४० ला, म्हणजे नमुना ४० पट पातळ केल्यावर, ३१.७ टक्के पॉझिटिव्ह, १:८० ला १३.३, १:१६० ला ५, १:३२० ला ३.३. माणसं १२५च होती, त्यामुळे १३.३ मधल्या दशांशाला फार भाव देऊ नका. पुढे २०१८ साली जुने अभ्यास एकत्र करून १३ हजारांहून जास्त ल्युपसच्या रुग्णांवरून १:८० चा हिशेब झाला. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे आजार असलेल्यांतले किती टक्के पॉझिटिव्ह येतात, ती ९७.८; तुम्ही वाचलेला आकडा बहुधा हाच. पण स्पेसिफिसिटी, म्हणजे आजार नसलेल्यांतले किती टक्के निगेटिव्ह येतात, ती आली ७४.७. म्हणजे ल्युपस नसलेल्यांतले २५ टक्के पॉझिटिव्ह! आधी १३, आता २५. चाचणी तीच, टायटर (म्हणजे ते १:८० चं प्रमाण) तोच. तुलनेला घेतलेली माणसं वेगळी होती. या वेळी सगळे धडधाकट नव्हते, दुसऱ्या आजारांचे रुग्णही त्यांत होते.

माझा सगळा भर याच गोष्टीवर आहे. आकडा चाचणीला चिकटलेला नसतो, तो ज्या माणसांवर काढला त्यांचा असतो. आपलं माणूस त्यांच्यासारखं आहे का, हे पाहिल्याशिवाय तो वापरायचा नाही.

आतड्याच्या कॅन्सरसाठी सीईए नावाची रक्ततपासणी आली तेव्हा काय झालं बघा. १९६९ साली ३६ रुग्णांवरचा अभ्यास छापून आला, त्यांतले ३५ पॉझिटिव्ह. आता एका नळी रक्तात कॅन्सर लवकर सापडणार, असं लोकांना वाटलं. पण ते रुग्ण आजार पुढे गेलेले होते. सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांवर तीच तपासणी केली तर कितीतरी जण निसटायला लागले, आणि कॅन्सर नसलेल्या धूम्रपान करणाऱ्यांचं, यकृताच्या रुग्णांचं सीईए वाढलेलं दिसायला लागलं. आज ती कॅन्सर शोधायला वापरत नाहीत, ऑपरेशननंतर आजार परत येतोय का हे बघायला वापरतात. एका टोकाला ठार आजारी, दुसऱ्या टोकाला ठणठणीत, अशी माणसं घेतली की कुठलीही चाचणी हुशार दिसते. डॉक्टरला गरज असते ती मधल्या, संशयातल्या माणसांसाठी.

रातपाळी

मी लॅब टेक्निशियन. सरांच्या बोलण्यात एक भर. ओवीताई, १:८० म्हणजे रक्तातलं सीरम ८० पट पातळ करूनही स्लाइडवरच्या पेशी चमकताना दिसल्या. बऱ्याच ठिकाणी ते अजूनही माणूसच बघतो, अंधाऱ्या खोलीत, फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपला डोळा लावून. 'चमकतंय' आणि 'चमकत नाही' यांच्यामध्ये एक पुसट जागा असते. तिथे माझं आणि माझ्या सहकाऱ्याचं रीडिंग एका पायरीने इकडेतिकडे होतं, आणि ते चालण्यासारखं मानतात. म्हणजे तुमच्या मुलीचा नमुना दुसरीकडे १:४० किंवा १:१६० येऊ शकतो.

फॉर्मवर 'ल्युपस आहे का?' असं लिहिलेलं असलं की पुसट चमकही ठळक वाटते, हे मी स्वतः अनुभवलंय. म्हणून कुठलाही अभ्यास वाचताना मी आधी शोधते की स्लाइड वाचणाऱ्याला रुग्णाचं निदान माहीत होतं का. ते लिहिलंच नसेल तर माझा विश्वास तिथेच कमी होतो.

पाऊलखूण

मला हे वाचून काळजी वाटली. माझ्या बहिणीची एएनए १:८०च होती. 'कमी आहे, सोडून द्या' असं सांगितलं गेलं, आणि आठ महिन्यांनी लघवीत प्रथिनं निघाली. मूत्रपिंडापर्यंत पोचलं होतं. चार टक्के म्हणून कुणी निर्धास्त होऊ नये.

जुनी_स्लाइड

तुमचं अगदी बरोबर आहे, आणि बहिणीच्या बाबतीत झालं त्याचं मनापासून वाईट वाटतं. त्या २७५ मधल्या १० जणी खऱ्या असतात. चार टक्के म्हणजे 'सोडून द्या' नव्हे, हे मी आधीच लिहायला हवं होतं.

आता दुसऱ्या २००० मुली घेऊ. यांचे सांधे सुजलेत, उन्हात गेलं की चेहऱ्यावर चट्टे उठतात, तोंडात फोड येतात. समजा यांच्यात पाचांत एकीला ल्युपस आहे. म्हणजे ४०० जणींना आजार, त्यांतल्या ३९१ पॉझिटिव्ह. उरलेल्या १६०० मध्ये २५.३ टक्क्यांच्या हिशेबाने ४०५ पॉझिटिव्ह. रिपोर्ट तोच, १:८०, पण आता शक्यता जवळजवळ निम्मी! म्हणून लघवीची साधी तपासणी आणि अंगावरच्या खुणा त्या टायटरपेक्षा जास्त बोलतात. एएनएचं खरं बळ निगेटिव्ह येण्यात आहे. निगेटिव्ह आली तर ल्युपसची शक्यता खूपच खाली जाते. पॉझिटिव्ह आली तर फक्त पुढे बघायचं.

ओवी

मी दोन्ही हिशेब वहीत करून पाहिले, जमले. पण एक शंका राहिली. 'हिला ल्युपस आहे' हे त्या अभ्यासांत ठरवलं कशावरून? त्यासाठी आधीच एएनए वापरली असेल तर?

जुनी_स्लाइड

ताई, हा प्रश्न फार मोलाचा आहे. ल्युपसची एक ठाम चाचणी नाही. लक्षणं आणि तपासण्या मिळून निकष बनवलेत, आणि जुन्या निकषांतही एएनए हे एक कलम होतं. २०१९ च्या निकषांत तर १:८० किंवा त्याहून जास्त एएनए असल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. उद्या कुणी याच निकषांनी रुग्ण निवडले आणि मग एएनएची सेन्सिटिव्हिटी मोजली, तर ती १०० टक्केच येणार. तो शोध नाही, ती व्याख्या आहे.

याचंच दुसरं रूप प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठीच्या पीएसए या रक्ततपासणीत दिसलं. पीएसए ४ च्या वर असेल तरच बायोप्सी करायची रीत होती. ज्यांचं कमी, त्यांच्यात कॅन्सर शोधलाच जात नव्हता, मग चाचणीकडून किती सुटले हे कळणार कसं? एका मोठ्या अभ्यासात पीएसए कितीही असलं तरी शेवटी बायोप्सी करायचं ठरलं होतं. २००४ मध्ये निष्कर्ष आला: पीएसए ४ किंवा त्याखाली राहिलेल्या २९५० पुरुषांपैकी १५.२ टक्क्यांना कॅन्सर होता. त्यातले बरेच त्रास न देणारे असतील, तो वेगळा विषय. पण निगेटिव्ह आलेल्यांचं पुढे काय झालं, हे ज्या अभ्यासात सापडत नाही तिथली सेन्सिटिव्हिटी मी मनात कमी करूनच वाचतो.

पुढच्या आठवड्यात जाताना मुलीच्या लक्षणांच्या तारखा लिहून न्या. चट्टे, फोड, सांध्यांची सूज, उन्हाचा त्रास, यांतलं काय झालं आणि काय झालं नाही, दोन्ही. लघवीची तपासणी झाली नसेल तर ती करायची का, हे आवर्जून विचारा. हिमोग्लोबिन का कमी आहे तेही विचारा, कारण थकवा आणि केसगळती नुसत्या लोहाच्या कमतरतेनेही होते. एएनए मात्र उगाच परत परत करू नका. ती १:४० आली काय किंवा १:१६० आली काय, त्यावरून फारसं काही बदलणार नाही.

ओवी

तारखा आत्ताच लिहायला बसलोय दोघी. तोंडात फोड कधीच नव्हते म्हणते, पण एप्रिलमध्ये दोन आठवडे बोटं सुजली होती. हे मला आज पहिल्यांदाच कळलं. तेही लिहिलंय.