मदत हवी आहे: ९९च्या कॅमॅरोला किती स्टॉलचा टॉर्क कन्व्हर्टर घ्यावा?

तेलकट_हात:
मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मिशिगनमध्ये नोव्हायला राहतो. मागच्या वर्षी १९९९ची कॅमॅरो झेड२८ घेतली. ५.७ लिटरचं एलएस१ इंजिन, कागदावर ३०५ अश्वशक्ती, ४एल६०ई ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. इंजिन आतून कंपनीचंच आहे, मी फक्त हेडर (एक्झॉस्टचे पाइप) आणि एअर इनटेक बदललाय. मागचे टायर २७५/४०/१७. डिफरन्शियल (मागच्या चाकांचं शेवटचं गिअर) ३.२३चं आहे, असं आधीचा मालक म्हणाला.

दुखणं असं की सिग्नल सुटल्यावर गाडी आधी विचार करते, मग निघते. तीच गाडी ३५००च्या वर गेली की पिसाटते. मिलान ड्रॅगवेला (सरळ शर्यतीच्या ट्रॅकवर) एकदा नेली. क्वार्टर माइल १३.९ सेकंदांत, ते ठीक, पण पहिल्या ६० फुटांनाच २.२ खाल्ले. शेजारच्या लेनमधला पिकअप ट्रक माझ्याआधी हलला. बायकोकडे व्हिडिओ आहे आणि पाहुणे आले की तो दाखवला जातो.

वापर म्हणाल तर रविवारची भटकंती, आठवड्यातून एकदा ऑफिस, वर्षातून तीन-चारदा ड्रॅगवे. शिवाय ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझ (जुन्या गाड्यांची मिरवणूक), म्हणजे फर्नडेलपासून पॉन्टिॲकच्या दिशेनं मुंगीच्या पावलांनी. हायवेला ७० मैलांवर टॅकोमीटर साडेसतराशेच्या आसपास असतो. ती शांतता मला घालवायची नाही.

सल्ले तीन मिळालेत. दुकानदार म्हणतो ३६०० आरपीएम स्टॉलचा घे, डोळे झाकून. ऑफिसातला मित्र म्हणतो २४००च्या पुढे जाऊ नकोस, रोज शिव्या घालशील. तिसरा एकजण स्वतःचा वापरलेला कन्व्हर्टर अर्ध्या किमतीत देतोय. त्याच्यावर ३६०० लिहिलंय, त्याच्या सुपरचार्जर लावलेल्या एलएस१मागे होता. बजेट कूलर धरून हजार-बाराशे डॉलर. काय करू?

इंग्लिशटाउनचा_भाऊ:
३६००. विषय संपला. माझ्या गाडीत तोच आहे, पहिल्या दिवशी वाटलं गाडी नवीन घेतली. इंग्लिशटाउनची ड्रॅग स्ट्रिप २०१८ला बंद झाली तेव्हापासून तो कन्व्हर्टर नुसता सिग्नलवर वाया जातोय, ही गोष्ट वेगळी.

पिंपरीचा_पाना:
भाऊ, तुमच्या गाडीत कॅमशाफ्ट बदललेला आहे आणि क्राउन-पिनिअन (डिफरन्शियलचे गिअर) ३.७३चं, हे तुम्हीच मागे लिहिलं होतं. तेही सांगा की.

मला एक अडाणी प्रश्न आहे. आम्ही इकडे क्लचवाले. स्टॉल म्हणजे नक्की काय?

टेस्टसेलची_ताई:
पाना, प्रश्न अजिबात अडाणी नाही. अर्धे लोक ते न समजताच कन्व्हर्टर घेतात. ब्रेक लावून गाडी जागेवर धरली, गिअर टाकला आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, तर इंजिन ज्या आरपीएमवर जाऊन अडतं तो स्टॉल. कन्व्हर्टर म्हणजे ऑटोमॅटिकमधला क्लचच्या जागचा भाग. त्यात इंजिनकडचा पंप तेल फेकतो आणि गिअरबॉक्सकडचा टर्बाइन त्या तेलानं फिरतो. मधला स्टेटर परत येणाऱ्या तेलाला वळण देतो, त्यामुळे सुटताना टॉर्क जवळपास दुप्पट होतो. स्टॉल जास्त म्हणजे सुटताना इंजिन आपल्या ताकदीच्या पट्ट्यात लवकर पोचतं. त्याची किंमत अशी की त्या आरपीएमच्या खाली सगळं हाफ क्लचवर चालवल्यासारखं. ताक घुसळत राहायचं, लोणी निघत नाही, नुसतं ताक तापतं.

आता तेलकट_हात, तुझ्याकडे वळते. मी आठ वर्षं ट्रान्समिशनच्या टेस्ट सेलमध्ये काढलीत, त्यामुळे आधी आकडे. तू ७० मैलांवर साडेसतराशे लिहिलंस. तुझ्या टायरचा व्यास २५.७ इंच भरतो, चौथा गिअर ०.७०. डिफरन्शियल ३.२३ असतं तर लॉकअप (कन्व्हर्टरला घसरू न देता थेट जोडणारा आतला क्लच) लागल्यावर टॅकोमीटरनं साधारण २०७० दाखवले असते. १७५० येतात ते २.७३ला. आरपीओ कोडचं (कंपनीनं गाडीत काय बसवलं त्या यादीचं) स्टिकर बघ. जीयू५ म्हणजे ३.२३, जीयू२ म्हणजे २.७३. ते कळेपर्यंत कन्व्हर्टरची चर्चा थांबवू.

तेलकट_हात:
ताई, रात्री टॉर्च घेऊन गॅरेजमध्ये गेलो. जीयू२.

वर्षभर मी सगळ्यांना ३.२३ सांगत फिरतोय. दुकानदारालाही.

इंग्लिशटाउनचा_भाऊ:
मग कन्व्हर्टर राहू दे, आधी क्राउन-पिनिअन बदल.

टेस्टसेलची_ताई:
इथे भाऊशी मी अर्धीच सहमत आहे. २.७३च्या गाडीला कन्व्हर्टरचा फायदा उलट जास्त जाणवतो, कारण सुटताना तिलाच मदतीची गरज जास्त असते. पण शहरातलं बघ. तिसऱ्या गिअरमध्ये ४० मैलांवर तुझं इंजिन फिरतं १४३०वर. ३६००चा कन्व्हर्टर तिथे लॉक नसेल तर पाय जरा दाबला की नुसता आवाज चढणार आणि गाडी मागून येणार. हेच ३.४२ला १७९० होतात, तेवढ्यानेही पकड बरीच सुधारते. हायवेला ७० मैलांवर ३.४२ म्हणजे साधारण २१९०. ती तुझी शांतता थोडी जाईल. ते तुझं तू ठरव.

३.७३ला मी जाणार नाही. त्या गाडीचं मागचं टेन-बोल्ट डिफरन्शियल मुळात नाजूक. चिकट टायर, जास्त स्टॉल आणि ३.७३ असे तिघे एकत्र आले की पहिला बळी त्याचाच.

आता तो वापरलेला कन्व्हर्टर. '३६००' हा आकडा कन्व्हर्टरचा एकट्याचा नसतो, कन्व्हर्टर आणि इंजिन दोघांचा मिळून असतो. आरपीएमला टॉर्कच्या वर्गमुळानं भागलं की कन्व्हर्टरचा के-फॅक्टर मिळतो. सुपरचार्जर लावलेलं इंजिन त्या आरपीएमला समजा ५०० पाउंड-फूट देत असेल, तर ३६०० भागिले २२.४ म्हणजे १६१. तुझं इंजिन तिथे ३००च्या आसपास देईल. १६१ गुणिले १७.३, म्हणजे साधारण २८००. त्याच्या गाडीत ३६००चा तो तुझ्या गाडीत २८००चा.

तेलकट_हात:
म्हणजे तो माझ्यासाठी बरोबर मापाचा आहे? घेऊन टाकू?

पिंपरीचा_पाना:
थांब. तो उघडून बघितलाय का कुणी?

टेस्टसेलची_ताई:
पानानं नेमकं विचारलं. कन्व्हर्टर वेल्ड करून बंद केलेला असतो. त्याच्या आत लॉकअप क्लच आहे. ५०० पाउंड-फूट झेलताना त्याचं अस्तर जळलं असेल तर तो चुरा आतच पडून राहतो. नुसतं फ्लश करून जात नाही. नंतर तो तुझ्या गिअरबॉक्सच्या व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे तेल वाटणाऱ्या भागात, फिरणार. तज्ज्ञाकडून कापून, साफ करून, बॅलन्स करून परत वेल्ड केला तर ठीक. पण तो खर्च धरलास तर 'अर्धी किंमत' कुठे राहिली?

माझं मत असं. नवा घे, २८००चा, लॉकअपवाला, साधारण १० इंची. ऑर्डर देताना बनवणाऱ्याला खरं सांग: गाडीचं वजन, २.७३, टायर, कॅम कंपनीचा, वुडवर्डची रांग. "पुढे कॅम टाकणार आहे" हे स्वप्न सांगू नकोस, तो स्वप्नाच्या मापाचा बनवून देईल. टॉर्क किती पटीने वाढवणारा हवा, हेही विचार. दोनच्या आसपास पुरे, जास्त मागितलास तर पहिल्या गिअरमध्ये टायर नुसते धूर काढतील. आणि १९९९चा एलएस१ असंच सांग. आधीच्या एलटी१ गाड्यांचा कन्व्हर्टर बसत नाही.

इंग्लिशटाउनचा_भाऊ:
२८०० म्हणजे फोडणीशिवाय वरण.

तेलकट_हात:
भाऊ, बायकोही ही गाडी चालवते. तिला वरणच आवडतं.

टेस्टसेलची_ताई:
दोन गोष्टी राहिल्या, त्यात हयगय नको.

कूलर. रेडिएटरमधला कंपनीचा कूलर ठेव आणि त्याच्यापुढे प्लेट टाइपचा बाहेरचा लाव. मिशिगनच्या जानेवारीत रेडिएटरच तेलाला ऊब देतो, म्हणून तो काढायचा नाही. तेल ८०-९० सेल्सिअसला सुखी असतं. १२०च्या पुढे सतत राहिलं तर जळायला लागतं. वुडवर्डवर दोन तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकायचंय, म्हणून तापमानाचा गेज लाव. ड्रॅगवेपेक्षा ती रांग तुझ्या गिअरबॉक्सला जास्त छळेल.

दुसरं ट्यूनिंग. कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये लॉकअप क्लच झटक्यात लागत नाही, हळूहळू घसरत लागतो, आराम वाटावा म्हणून. नव्या कन्व्हर्टरच्या क्लचला ते घसरणं झेपेल का, हे बनवणाऱ्याला विचार आणि ट्यूनरकडून दुरुस्त करून घे. नाहीतर हायवेवरच तो क्लच हळूहळू संपेल.

पिंपरीचा_पाना:
आणि बसवताना आधी कन्व्हर्टरमध्ये एक लिटरभर तेल ओत. कोरडा चढवू नकोस.

तेलकट_हात:
तीन आठवडे गायब होतो. नवा २८००चा आला, कूलर लागला, ट्यूनरची वेळ सोमवारची. सध्या गाडी चार जॅक स्टँडवर आहे आणि गिअरबॉक्स भाड्याच्या ट्रान्समिशन जॅकवर. कन्व्हर्टर चढवतोय. शेजारचे काका टॉर्च धरून बसलेत. शाफ्टवर सरकवला, फिरवला, दोनदा 'खट' झाला. पुढे जात नाही. काका म्हणतात बेलहाउसिंगचे (गिअरबॉक्सच्या इंजिनकडच्या तोंडाचे) बोल्ट आवळ, ओढला जाईल आपोआप.

टेस्टसेलची_ताई:
काकांना चहा करायला पाठव. एकही बोल्ट आवळू नकोस!

'खट' तीन व्हायला हवेत. इनपुट शाफ्ट, स्टेटरचा शाफ्ट आणि शेवटी गिअरबॉक्सचा तेलाचा पंप. तुझा पंप राहिलाय. तसाच ओढलास तर पंपाचा रोटर फुटेल आणि गाडी पहिल्याच स्टार्टला मरेल. जॅक थोडा वाकव, कन्व्हर्टरचं वजन आत जाऊ दे. दोन्ही हातांनी फिरवत राहा, ढकलू नकोस.

तेलकट_हात:
वीस मिनिटं फिरवतोय. काही नाही.

पिंपरीचा_पाना:
थोडा बाहेर घे, पाव वळसा दे, परत आत. घाई नको.

तेलकट_हात:
आला. तिसरा खट आला. फ्लेक्सप्लेटपर्यंत (इंजिनच्या मागच्या चकतीपर्यंत) किती फट हवी?

टेस्टसेलची_ताई:
गिअरबॉक्स इंजिनला लागल्यावर कन्व्हर्टर हातानं पुढे ओढ. तीन ते पाच मिलिमीटर सरकला पाहिजे.

तेलकट_हात:
चार. आता बोल्ट आवळतो. काकांचा चहा पण आला.