रंग गेला म्हणजे विष गेलं असं नाही
कापड रंगवणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्याचा रंग जिवाणूंनी घालवला की काम झालं, असं एक मत आहे; त्यात मला एक भर घालायची आहे. ॲझो रंगांमधला (दोन नायट्रोजन अणूंच्या जोडीवर उभ्या असलेल्या रंगांमधला) नायट्रोजनचा दुहेरी बंध जिवाणूंचं ॲझोरिडक्टेज हे विकर (एन्झाइम) ऑक्सिजन नसताना तोडतं. पाणी नितळ दिसतं, पण मागे ॲरोमॅटिक अमाइन, म्हणजे रंगाच्या रेणूचे तुटलेले तुकडे, उरतात आणि त्यांतली काही कर्करोगकारक आहेत. म्हणून त्यापुढे हवा खेळवलेला दुसरा टप्पा हवाच.

लाकूड कुजवणाऱ्या पांढऱ्या बुरशींची रीत निराळी. लिग्निनची, म्हणजे लाकडाला कडकपणा देणाऱ्या घटकाची, जोडणी इतकी अनियमित असते की ठरावीक बंधच ओळखणारं विकर तिथे पुरत नाही; म्हणून या बुरशींची विकरं फारशी निवड करत नाहीत आणि रंगांचे रेणूही तोडू शकतात. त्यांतलं लॅकेज हे विकर सरळ इलेक्ट्रॉन काढून घेतं आणि हवेतल्या ऑक्सिजनचं पाणी करतं. १९८३ मध्ये सापडलेल्या लिग्निन पेरॉक्सिडेज या दुसऱ्या विकराला मात्र हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं. धिंगरी अळंबीसुद्धा लॅकेज बनवते, त्यामुळे पीक काढून उरलेला भुसा हा स्वस्त स्रोत आहे. माझ्या मते याकडे फार कमी लक्ष गेलंय.

खरी अडचण मिठाची. रिॲक्टिव्ह रंगांनी (धाग्याशी रासायनिक बंधाने जोडले जाणाऱ्या रंगांनी) सूत रंगवताना भरपूर मीठ आणि सोडा वापरतात. मिठातलं क्लोराइड लॅकेजला रोखतं, आणि सोड्याने पाणी अल्कधर्मी होतं, तर बुरशीच्या बहुतेक लॅकेजना आम्लधर्मी पाणी मानवतं. त्यामुळे शुद्ध पाण्यात एकच रंग घालून केलेल्या चाचणीवर विसंबून इचलकरंजीसारख्या ठिकाणी टाक्या बांधू नयेत. आधी तिथल्याच सांडपाण्यावर चाचणी घ्यावी आणि रंगासोबत अमाइनही मोजावेत.