मोपाहून पणजीतल्या हॉटेलपर्यंत बसने: सत्तरीच्या आईसोबत जमेल का?

सफरवाटा (नाशिक)

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आई आणि मी चार दिवसांसाठी पणजीला येतोय. विमान शुक्रवारी दुपारी ४.४० ला गोव्यात उतरतं. हॉटेल १८ जून रस्त्यावर आहे. सामान म्हणजे चाकांच्या दोन मध्यम बॅगा आणि एक सॅक. आईचे गुडघे दुखतात. सपाट रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटं ती आरामात चालते, पण उंच पायऱ्या चढणं तिला जड जातं.

विमानतळ ते हॉटेल टॅक्सी न करता जायचं आहे. थेट बस मिळते का, ती नेमकी कुठे सोडते, आणि तिथून हॉटेलपर्यंत कसं जायचं? परतीचं विमान मंगळवारी सकाळी ७ वाजता आहे. तेव्हाही बसनेच जाता येईल का?

मांडवीकाठ

बाकी सगळं नंतर, आधी दोन्ही तिकिटांवरचा विमानतळाचा कोड बघा. गोव्यात प्रवासी विमानतळ दोन आहेत. मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ उत्तरेला पेडणे तालुक्यात, त्याचा कोड जीओएक्स. दाबोळी दक्षिणेला वास्कोजवळ, त्याचा कोड जीओआय. पणजी दोन्हींच्या मधे येते. तिकिटावर नुसतं 'गोवा' वाचून लोक चुकीच्या दिशेची बस धरतात, आणि ती चूक कळेपर्यंत विमान गेलेलं असतं. येणं एका विमानतळावर आणि जाणं दुसऱ्यावरून, असंही तिकीट निघतं.

अबोली (पणजी)

येतानाचं विमान मोपाचं आहे असं धरून लिहिते.

मोपाहून पणजीला कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेच्या, इलेक्ट्रिक बस आहेत. बस वातानुकूलित असते. आगमनाच्या दारातून बाहेर आलात की आधी टॅक्सीचे काउंटर आणि विचारणारे लोक भेटतील. तिथे न थांबता 'कदंब बस कुठे लागते' असं विचारत पुढे जा. बसच्या पाटीवर शेवटचं ठिकाण लिहिलेलं असतं, पण पाटीवर भागू नका. चढण्याआधी कंडक्टरला स्पष्ट विचारा, 'पणजीच्या कदंब स्टँडवर जाते ना?' कारण विमानतळावरून सगळ्याच बस पणजीला येत नाहीत. कळंगुट-सिकेरीची गाडी किनाऱ्याकडे वळते. ती चुकून धरलीत तर संध्याकाळच्या गर्दीत तिथून पणजी गाठायला आणखी तास जातो. मडगावची गाडी पणजीवरून जात असेल तर चालेल, फक्त तिकीट पणजीचं घ्या आणि कुठे उतरवणार ते आधीच ठरवून घ्या.

फेऱ्या ठरलेल्या वेळेच्या आहेत, दर दहा मिनिटांनी सुटत नाहीत. वेळापत्रक हंगामाप्रमाणे आणि विमानांच्या वेळांप्रमाणे बदलतं, त्यामुळे निघण्याच्या आदल्या दिवशी कदंबच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. महिन्यापूर्वी कुणीतरी पाठवलेल्या फोटोवर विसंबू नका.

आता वेळेचं गणित. ४.४० ला विमान टेकलं तर सामान हातात यायला सव्वापाच होतात. पुढची फेरी साडेपाच ते सहाच्या आसपास मिळाली असं समजा. अंतर सुमारे ३५ किलोमीटर. विमानतळाचा जोडरस्ता धारगळला राष्ट्रीय महामार्ग ६६ ला मिळतो, पुढे कोलवाळ, म्हापसा, गिरी, पर्वरी आणि मांडवीवरचा पूल. धारगळपर्यंत रस्ता मोकळा असतो, अडकायला होतं ते म्हापशापासून पुढे. शुक्रवार हा म्हापशाच्या बाजाराचा दिवस. त्यात पर्वरीत उड्डाणपुलाचं काम आहे तोवर तिथे वाहनं मुंगीच्या पावलाने सरकतात. रस्ता मोकळा असला तर तासाभराचं अंतर, पण शुक्रवार संध्याकाळी दीड तास धरा. नोव्हेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणजे पणजीत उतराल तेव्हा काळोख असेल. हॉटेलचा पत्ता, जवळची ठळक खूण आणि हॉटेलचा फोन कागदावर लिहून ठेवा. मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

थेट फेरी नुकतीच सुटलेली असेल आणि पुढचीला वेळ असेल, तर म्हापशाची बस घ्या. म्हापसा स्टँडवरून पणजीला कदंबची विनाथांबा शटल आहे, अंतर तेरा किलोमीटर. शटलचं तिकीट बसमध्ये मिळत नाही. स्टँडवरच्या खिडकीवर आधी काढायचं आणि रांगेतून चढायचं. यात उभ्याने प्रवासी घेत नाहीत, त्यामुळे आईंना बसायला जागा नक्की मिळते. रांग लांब दिसली तरी पटापट पुढे सरकते. मात्र शुक्रवारी बाजार आटोपून निघालेल्यांची गर्दी असते, म्हणून तुमच्या बाबतीत हा दुसरा पर्याय, पहिला नव्हे.

म्हापसा-पणजी खासगी मिनीबसही खूप आहेत. थांब्याथांब्यावर थांबतात, कंडक्टर 'पणजी पणजी पणजी' म्हणून हाकारतो आणि आत 'फाटीं वचात' म्हणून मागे सरकवतो. एकट्या माणसाला सॅक घेऊन उत्तम. तुमच्यासाठी नको. पहिली पायरी गुडघ्याएवढी उंच, दार अरुंद, आणि मोठी बॅग ड्रायव्हरशेजारी ठेवावी लागते. ती तिथे बसली नाही तर मांडीवर घ्यायची.

रेल्वेचा विचार सोडा. नकाशात पेडणे स्टेशन विमानतळाजवळ दिसतं, पण ते चालत जाण्याच्या अंतरावर नाही, आणि पणजीजवळच्या करमळी स्टेशनला उतरल्यावर पुन्हा पणजीची बस घ्यावीच लागते.

सफरवाटा (नाशिक)

कोड पाहिले. येताना जीओएक्स, पण परतीचं तिकीट जीओआय निघालं! दोन्हीकडे मोपाच आहे असं धरून चाललो होतो. मांडवीकाठ, मनापासून आभार.

हॉटेल १८ जून रस्त्यावर म्युनिसिपल गार्डनच्या टोकाला आहे. कदंब स्टँडवरून चालत जाता येईल का?

मांडवीकाठ

नकाशावर सव्वा-दीड किलोमीटर दिसतं आणि सडसडीत माणूस वीस मिनिटांत पोचतो. आईंना मात्र चालायला लावू नका. कारण अंतर नाही, फुटपाथ. स्टँडवरून पाटो पूल ओलांडून पोस्ट ऑफिसवरून गार्डनकडे जाताना फुटपाथ मधेच संपतो, काठ उंच आहेत, कुठे लादी सुटलेली असते, कुठे स्कूटर उभी. चाकांची बॅग दर वीस पावलांना उचलावी लागते. काळोखात आणि दुखऱ्या गुडघ्यांनी हे काम नको.

स्टँडबाहेर काळ्या-पिवळ्या रिक्षा मिळतात. मीटरने चालत नाहीत, भाडं बसण्याआधी ठरवायचं. 'गार्डनकडे, दोघं, दोन बॅगा' एवढं एका वाक्यात सांगा, म्हणजे उतरताना बॅगांचे वेगळे पैसे निघत नाहीत. शहरातले बरेच रस्ते एकेरी आहेत, त्यामुळे रिक्षा वळसा घालून गेली तर फसवतोय असं समजू नका.

दुसरा मार्ग शहर बसचा. मिरामार-दोनापावलची बस स्टँडवरूनच सुटते. नदीकाठच्या दयानंद बांदोडकर मार्गाने जाणारी असेल तर जुन्या सचिवालयापाशी उतरा. तिथून आत गार्डनपर्यंत पाच-सात मिनिटांचं सपाट चालणं. पण तुम्ही शुक्रवारी संध्याकाळी येताय. त्या वेळी कॅसिनोंच्या धक्क्यांसमोर याच रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, आणि बस तिथेच अडकते. म्हणून येताना रिक्षा. पुढचे तीन दिवस मिरामार, कला अकादमी, दोनापावलला जायला हीच शहर बस वापरा, दुपारी चांगली मोकळी असते.

पायलट, म्हणजे पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल टॅक्सी, स्टँडजवळ उभे असतात. एका पायलटमागे एकच प्रवासी. एकटा माणूस सॅक घेऊन आला असेल तर सगळ्यात लवकर तोच पोचवतो. तुमच्या सामानाला आणि आईंना तो उपयोगाचा नाही.

दुसऱ्या कुणी हा धागा वाचत असेल तर: हॉटेल पणजीच्या मळा किंवा फोंतेन्यास भागात असेल तर रिक्षाचीही गरज नाही. पाटोवर, म्हणजे स्टँडच्याच भागात, पर्यटन भवनाच्या बाजूने खाडीवर पादचारी पूल आहे, तो ओलांडला की तुम्ही थेट फोंतेन्यासच्या तोंडाशी. आणि नदीपलीकडे बेतीत उतरणार असाल तर पणजीच्या धक्क्यावरून फेरीबोट घ्या. पायी प्रवाशांना तिकीट नाही.

चिखलीचो (वास्को)

परतीचं मी सांगतो. सकाळी ७ चं विमान म्हणजे पाच वाजता दाबोळीच्या दारात हवं. पणजीहून त्या वेळेला पोचवणाऱ्या बसच्या भरवशावर राहू नका. आडवेळेला एखादी लांब पल्ल्याची गाडी मिळेल असा हिशोब करून विमान चुकवलेले पुष्कळ आहेत.

दोन मार्ग आहेत. एक, मंगळवारपुरती टॅक्सी आदल्या संध्याकाळीच हॉटेलकडून किंवा गोवामाइल्सच्या ॲपवरून ठरवा. ओला-उबर गोव्यात चालत नाही, पहाटे चारला ते ॲप उघडून बसू नका. पहाटे रस्ता मोकळा असतो, जुवारीवरचा नवा पूल झाल्यापासून कुठ्ठाळीची कोंडीही राहिली नाही. पाऊण तासात पोचाल.

दुसरा मार्ग मला तुमच्यासाठी जास्त बरा वाटतो. सोमवारची रात्र वास्कोत काढा. पणजी कदंब स्टँडवरून वास्कोची शटल घ्या. तिकीट खिडकीवर, वर अबोलीने सांगितलं तसंच. बांबोळी, आगशी, जुवारी पूल, कुठ्ठाळी, चिखली करत तासाभरात वास्को. शेवटच्या शटलसाठी थांबू नका, रात्री गाड्या फार लवकर बंद होतात. संध्याकाळी पाचच्या आत निघा. वास्कोहून विमानतळ चार-पाच किलोमीटर आहे, पहाटेच्या रिक्षाला रात्रीच सांगून ठेवा. आईंची झोपही नीट होईल.

दिवसाचं विमान असतं तर शटलने थेट विमानतळ करता आलं असतं. तेव्हाही विनाथांबा गाडी विमानतळापाशी थांबेलच असं धरू नका, तिकीट काढतानाच विचारा. थांबत नसेल तर वास्कोपर्यंत जाऊन मागे या.

सफरवाटा (नाशिक)

सोमवारी रात्री वास्कोचं नक्की करतो. पणजीचं हॉटेल एक रात्र कमी करायला आजच फोन करतो. एकच शंका राहिली: बसमध्ये यूपीआय चालतं का?

अबोली (पणजी)

यूपीआयच्या भरवशावर राहू नका, खिशात रोख ठेवाच. रिक्षावाल्याकडे आणि खासगी बसमध्ये पाचशेची नोट काढलीत तर सुटे मिळत नाहीत आणि मागे रांग खोळंबते. दहा, वीस, पन्नासच्या नोटा मिळून तीन-चारशे रुपये वेगळ्या खिशात ठेवा. विमानतळाच्या इमारतीत नेटवर्क असतं, पण पैसे द्यायच्या क्षणी ते असेलच असं नाही.

आणि तारखा पुढे ढकलायचा विचार असेल तर २० नोव्हेंबरनंतरचा आठवडा टाळा. त्या सुमाराला पणजीत आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, कांपालचा रस्ता कला अकादमीपर्यंत भरून जातो आणि गार्डनजवळ रिक्षा मिळणं कठीण होतं.

बसमध्ये पुढच्या दाराजवळची जागा मागा. पणजीत उतरताना कंडक्टरला 'मात्शें राव रे, आवय देंवता' म्हणा. थोडं थांब, आई उतरतेय. एवढं कोंकणीत कानावर पडलं की गाडी पूर्ण थांबते आणि बॅग खाली द्यायला हातही पुढे येतो.