मदत हवी आहे: बायकोला शिडाच्या होडीची आवड कशी लावावी? (शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय)

उलटा_वारा | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. थोडक्यात लिहितो. मला तीन वर्षांपासून सेलिंगचा नाद लागलाय. दर दुसऱ्या रविवारी पुण्याहून पहाटे निघून कुलाब्याला जातो. एका ओळखीच्यांच्या बोटीतला चौथा हिस्सा विकायला निघालाय, शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही सांगायचंय. पण हिला यात काडीचाही रस नाही. एकदा नेलं होतं, पुन्हा यायचं नाव काढत नाही. "तू घे, मला बोलवू नकोस" म्हणते. मला एकट्याने घ्यायची नाही.

कोणी आपल्या जोडीदाराला ही आवड लावली आहे का? नेमकं काय केलंत? "वेळ द्या" वगैरे कृपया नको, वेळच नाहीये.

---

मांडवा_वीकेंड | सोमवार, रात्री ११:५२

वाचतोय. अवांतर: भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रोने गाडी न्यायची असेल तर तिकीट आधी काढावं लागतं की ऐनवेळी मिळतं?

---

बे_एरियाकर | मंगळवार, पहाटे १:१५

आमच्याकडे हाच प्रॉब्लेम होता. एकच उपाय: नवऱ्याने बायकोला शिकवायचं नाही. कार चालवायला शिकवून बघा, तेच होतं. मी बायकोला वेगळ्या शाळेत घातलं, बायकांच्या बॅचमध्ये, मी किनाऱ्यावरसुद्धा गेलो नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात उन्हाळ्यात दुपारी २०-२५ नॉट वारा रोजचाच, त्यात ती शिकली. आता माझ्या चुका काढते. पाच वीकेंडचा कोर्स, काम फत्ते.

---

खवट_आजोबा | मंगळवार, सकाळी ६:०५

शुक्रवारपर्यंत पाच वीकेंड कुठून आणायचे ते पण सांगा.

धागाकर्ते, बोट कुठली? वीस फुटी की तीस? तळाखाली वजनाची कील आहे का? एकदा नेलंत ते कुठल्या बोटीत, किती वाजता, कुठल्या महिन्यात? वैद्याकडे जाऊन "दुखतंय" एवढंच सांगायचं नसतं.

---

डॉ_नाही_मी | मंगळवार, सकाळी ७:३०

उलटी झाली होती का? बहुतेकांचं तिथेच फिसकटतं. निघायच्या तासभर आधी अ‍ॅव्होमिन, रिकाम्या पोटी जाऊ नये, भरल्या पोटीही नाही. बोटीत बसल्यावर मोबाईलमध्ये बघायचं नाही, क्षितिजाकडे बघायचं. खाली केबिनमध्ये तर अजिबात जायचं नाही.

---

गंधाली_ | मंगळवार, सकाळी ९:२०

गोळीने दिवसभर झोप येते. म्हणजे बायको बोटीत घोरणार आणि हे म्हणणार "बघा, आवडलं तिला". आलेपाक घ्या. माझ्या सासूबाई कोकणात एसटीने जाताना तोच चघळायच्या.

---

डॉ_नाही_मी | मंगळवार, सकाळी ९:३५

घाटातली एसटी आणि भर समुद्रातली बोट यात फरक असतो ताई. आल्याला माझा विरोध नाही, पण आल्याच्या भरवशावर मी कोणाला खांदेरीपर्यंत नेणार नाही.

---

उलटा_वारा | मंगळवार, दुपारी १:१०

उलटी वगैरे काही झाली नाही!! तिला बोट लागत नाही. कृपया गोळ्यांवरची चर्चा थांबवा.

आजोबा, घ्यायची आहे ती जुनी लाकडी सीबर्ड, कीलवाली. नेलं होतं ते एंटरप्राइझमध्ये, जानेवारीत, रविवारी. अडीचच्या सुमारास निघालो. वारा छान होता.

---

तांडेल४२ | मंगळवार, दुपारी २:४५

आता कळतंय. सीबर्ड आणि एंटरप्राइझ या दोन वेगळ्या जाती आहेत राव. सीबर्डच्या पोटाखाली वजन असतं, कलंडली तरी ते वजन तिला परत सरळ आणतं. एंटरप्राइझ म्हणजे तेरा फुटी डिंगी, वजन तुमचंच. झुळूक आली की दोघांनी कडेवर बसून पाठ पाण्यावर काढायची. नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी त्यात बसवणं म्हणजे पोहायला शिकवायला विहिरीत ढकलणं.

त्यात जानेवारीत दुपारी अडीच. हिवाळ्यात सकाळी मतलई असते, हलकी, जमिनीवरून येते, बंदरात पाणी काचेसारखं. नवख्याला न्यायचं ते सकाळी. बारानंतर समुद्राकडून वारा येतो आणि तीन-चारला पार चढतो. तुमचा "छान वारा" तो हाच.

---

बे_एरियाकर | मंगळवार, दुपारी ३:०५

ढकललं तरी काही बिघडत नाही. आमच्या इथे डिंगीवरच सुरुवात करतात. कीलबोटीवर शिकलेल्याला वारा अंगावर कळत नाही.

---

तांडेल४२ | मंगळवार, दुपारी ३:१२

त्यांना शर्यत जिंकायची नाहीये, संसार चालवायचाय.

---

खवट_आजोबा | मंगळवार, दुपारी ४:००

तिथी कोणती होती?

---

उलटा_वारा | मंगळवार, दुपारी ४:२०

तिथीचा काय संबंध? आदल्या दिवशी पौर्णिमा होती बहुतेक, येताना एक्सप्रेसवेवर चंद्र भलामोठा दिसत होता.

---

खवट_आजोबा | मंगळवार, दुपारी ४:३५

संबंध आहे. पौर्णिमा-अमावास्येला मुंबई बंदरात भरती साधारण बाराच्या पुढेमागे लागते. उधाणाचं पाणी, चढ-उतार पाच मीटरच्या घरात जातो. दुसऱ्या दिवशी अडीचला निघालात म्हणजे सगळं पाणी बंदरातून बाहेर धावत होतं आणि पश्चिमेचा वारा समोरून आत येत होता. ओहोटी आणि वारा समोरासमोर आले की लाट आडवी लोळत नाही, उभी राहते. तेरा फुटी होडी, नवखी बाई. वा!

---

गंधाली_ | मंगळवार, सायंकाळी ६:१५

आणि तुम्ही ओरडलात का? खरं सांगा. माझा नवरा ट्रेकला नेतो तेव्हा माणूस असतो, दोरी हातात आली की हवालदार होतो. मी सहा वर्षं ट्रेक केले, आवडले एकदाही नाहीत, एकदाही सांगितलं नाही. तुमच्या बायकोने सरळ सांगितलंय, हेच नशीब समजा.

---

उलटा_वारा | मंगळवार, रात्री १०:५०

ओरडलो म्हणजे, ओरडावं लागतंच. वाऱ्यात ऐकू येत नाही. "जिब शीट सोड, जिब शीट" म्हणत होतो, ती माझ्याकडे बघतच राहिली. आधी घरी डायनिंग टेबलवर चमचे मांडून सगळं समजावलं होतं. मग बूम (शिडाखालचा आडवा दांडा) फिरला, मी वाकलो, ती पण वाकली म्हणा, होडी कलंडली आणि आम्ही पाण्यात. दोघांनी जॅकेट घातली होती, तिला पोहता उत्तम येतं. मला चढायला जास्त वेळ लागला. सेफ्टी बोट पाच मिनिटांत आली. कोणाला काही लागलं नाही.

---

तांडेल४२ | मंगळवार, रात्री ११:०५

उलटली!! हे पहिल्या पोस्टमध्ये यायला नको होतं का?

---

उलटा_वारा | मंगळवार, रात्री ११:०९

डिंगी उलटतेच, त्यात नवीन काय? आणि तिला पाण्याची भीती नाही, ती देवगडची आहे.

---

देवगडचो_हापूस | बुधवार, सकाळी ८:१०

खंय? देवगडची??

माहेर बंदरावरचं का? घरात होडी होती?

---

उलटा_वारा | बुधवार, सकाळी ९:००

हो. तिच्या वडिलांचा मचवा होता, आजोबांची शिडाची होडी. आता भाऊ ट्रॉलरवर असतो. लहानपणी ती वडिलांबरोबर जायची म्हणे. पण ते मासेमारीचं, याच्याशी त्याचा संबंध नाही म्हणून लिहिलं नाही.

---

देवगडचो_हापूस | बुधवार, सकाळी ९:२५

अरे बाबा!!! तुझी बायल देवगडची, आणि तू तिका चमचे मांडून वारो शिकवतंस?

आता मराठीत लिहितो, नाहीतर राग यायचा. ज्या दोरीला तुम्ही जिब शीट म्हणता तिला आमच्याकडे दामण म्हणतात. तुम्ही "दामण सोड" म्हणाला असतात तर तिचा हात डोक्याच्या आधी हलला असता. माझे आजोबा उलांडीची होडी चालवायचे, मी सहा वर्षांचा असताना सुकाणू हातात द्यायचे आणि स्वतः विडी ओढायचे. सांगायचं काही नाही, बघायचं फक्त.

दुसरं. आमच्या घरात दर्यावर "मजा" करायला कोणी जात नाही. पावसाळ्याचे ते दोन महिने बंदीचे, नारळी पौर्णिमेला नारळ सोडायचा, मग होड्या बाहेर. होडी यायला उशीर झाला की घरातल्या बायका काय करतात ते मी बघितलंय. स्वयंपाक करून ठेवतात आणि जेवत नाहीत. तुम्ही रविवारी पुण्याहून पेट्रोल जाळून जाता आणि हौसेने उलटता, हे तिला कसं वाटत असेल विचारलंत का कधी?

---

बे_एरियाकर | बुधवार, सकाळी १०:००

हे जरा जास्त भावुक होतंय. सेलिंग हा खेळ आहे. क्रिकेट खेळताना कोणी शेतकऱ्याचा विचार करतं का मैदानाची माती बघून?

---

गंधाली_ | बुधवार, सकाळी १०:२०

हे उदाहरण मी तीनदा वाचलं. काही कळलं नाही.

---

पानशेत_प्रेमी | बुधवार, सकाळी ११:४५

सेलिंगच का पण? कयाक घ्या. पानशेतला दोघांना एकत्र बसता येतं, गाडीच्या टपावर बांधून नेता येतं, भरती नाही ओहोटी नाही. हिस्सा केवढ्याला पडतोय? तेवढ्यात चार कयाक येतील.

---

खवट_आजोबा | बुधवार, दुपारी १२:१०

माणूस विचारतोय पोळी करपते का, हे सांगतायत भात लावा.

हिश्शाबद्दल मात्र विचारतोच. जुनी लाकडी बोट म्हणजे दर वर्षी पावसाळ्याआधी पाण्याबाहेर काढा, झाका, घासा, फटी भरा, रंग द्या, सप्टेंबर-ऑक्टोबरात पुन्हा उतरवा. त्या खर्चाचाही चौथा हिस्सा तुमचा. आणि चार मालक म्हणजे रविवार महिन्यातून एक. कील कोणी अलीकडे बाहेर काढून बघितलीय का? बोल्ट गंजलेत का विचारा. विकणाऱ्याला शुक्रवारची घाई का आहे तेही विचारा.

---

उलटा_वारा | बुधवार, दुपारी १:३०

बोटीबद्दल मी विचारलेलंच नाही :( ती मी बघून घेईन.

हापूससाहेब, तुम्ही लिहिलंत ते काल रात्रीच मला कोणीतरी सांगायला हवं होतं. आज सकाळी आमचं यावरूनच वाजलं. एक गोष्ट मी लिहिली नव्हती. त्या दिवशी निघताना तिने विचारलं होतं, "पाणी कधी ओसरायला लागलं?" मी म्हटलं, ते क्लबवाले बघतात, तू बस. आता आजोबांचं वाचल्यावर पोटात गोळा आला.

---

गंधाली_ | बुधवार, दुपारी १:४०

"तू बस." धन्य.

---

तांडेल४२ | बुधवार, दुपारी २:२०

चला, झालं ते झालं. व्यवहाराचं बोलू. पहिलं, विकणाऱ्याला सांगा की बोट पाण्यावर चालवून बघितल्याशिवाय हो म्हणणार नाही. हे कोणीही मान्य करेल. दुसरं, त्या चाचणीला बायकोला न्या आणि सुकाणू तिच्या हातात द्या. सुकाणू धरणाऱ्याला होडी पुढे काय करणार ते आधी कळतं, म्हणून भीती कमी वाटते. दोरीवाल्याला कलंडल्यावर कळतं. दोरीवर तुम्ही बसा. वारा चढला तर शीड आखडून लहान करा, फुशारकी नको. दोन तासांच्या आत परत या, तिला अजून थोडं थांबावंसं वाटत असतानाच.

---

बे_एरियाकर | बुधवार, दुपारी २:३५

सुकाणूचं पटलं. पण शाळेत घातलंत तर हे आपोआप होतं.

---

देवगडचो_हापूस | बुधवार, दुपारी ३:००

तिला शाळेत घालायचं? तिलाच मास्तरीण नेमा.

आणि चाचणी वगैरे म्हणू नका, परीक्षा घेतल्यासारखं वाटतं. सरळ सांगा, बोट घेतोय, लाकडाचं मला कळत नाही, तू बघून सांग. लाकूड हाताने ठोकून बघायला तिच्या भावालाही बोलवा. कुजकं लाकूड आवाजावरून कळतं.

---

डॉ_नाही_मी | बुधवार, दुपारी ३:१५

भावाला बोट लागत नसेल ना?

---

उलटा_वारा | शुक्रवार, रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार. गंधालीताई, तुमचेसुद्धा.

विकणाऱ्याकडून पंधरा दिवस मागून घेतले. तो कुरकुरला, पण दुसरं गिऱ्हाईक नसावं. हिला काल रात्री हापूससाहेबांनी सांगितलं तसंच्या तसं बोललो. आधी बराच वेळ काहीच बोलली नाही. मग विचारलं की बोट कुठल्या लाकडाची आहे. मला माहीत नव्हतं. तीन वर्षांत कधी विचारलं नाही मी. मग म्हणाली, "या उधाणात नको. भांगाला बघू."

भांग म्हणजे काय? तिला विचारायची हिंमत झाली नाही.

---

खवट_आजोबा | शुक्रवार, रात्री ९:३०

अष्टमी-नवमीच्या आसपासचं पाणी. चढ-उतार कमी, ओढ कमी. पंचांग घ्या विकत. आणि लाकूड विचारून इथे सांगा, मलाही उत्सुकता आहे.

---

देवगडचो_हापूस | शुक्रवार, रात्री ९:४१

"बघू" म्हणाली ना? आमच्याकडे बायका नाही म्हणायचं असेल तर नाहीच म्हणतात. जाताना डब्यात काहीतरी चांगलं न्या.

---

मांडवा_वीकेंड | शुक्रवार, रात्री १०:०५

रो-रोच्या तिकिटाचं कोणी सांगितलंच नाही. उद्या सकाळी निघतोय.